बेपत्ता माणसं आणि माझे क्रमांक : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया येऊन नऊ दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण उत्तर लिहिण्याआधी मला दोन सिनेमे पाहायचे होते. ते पाहिले, आता लिहायला बसले आहे.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ९७व्या ऑस्करसाठी सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या गटात नामांकन मिळालेल्या दहा सिनेमांना मी माझे क्रमांक दिले होते. पण निम्मा लेख मी ज्या सिनेमाला एकही नामांकन मिळालं नाही त्या पायल कपाडियाच्या 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'वर लिहिला. त्यावर तुम्ही म्हणालात की दहाच्या दहा सिनेमे मी पाहिलेले नाहीत हे लेखात दिसतं. 'लापता लेडीज'ला मी 'हलकाफुलका' म्हणून बाजूला सारलं, आणि पायल कपाडियाच्या सिनेमात मुंबई आणि मराठी बाई दिसली म्हणून त्याला डोक्यावर घेतलं. १३ नामांकनं मिळवणारा 'एमिलिया पेरेझ' मी तीन ओळींत निकालात काढला, म्हणजे ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या हजारो सभासदांपेक्षा मला जास्त कळतं का? आणि शेवटचा प्रश्न, जो मला सगळ्यात जास्त लागला : 'ताई, तुमचा निकष तरी काय आहे?'

पहिल्या मुद्द्यावर तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. 'विकेड' आणि 'निकेल बॉइज' मी पाहिले नव्हते. ट्रेलर पाहिले, दोन-चार परीक्षणं वाचली आणि त्यांना नववा-दहावा क्रमांक देऊन मोकळी झाले. हे चुकीचं होतं. न पाहिलेल्या सिनेमाला शेवटी ढकलणं हा त्यात काम केलेल्या प्रत्येकावर अन्याय आहे, आणि वाचकाची फसवणूकही. त्याबद्दल तुमची आणि सगळ्या वाचकांची माफी मागते. तो तक्ता मी लेखातून काढून टाकला आहे.

'विकेड' आता पाहिला. देखणा आहे, दोघी नायिका गायल्यातही जीव ओतून, पण माझ्यासाठी तिथेच संपला. 'निकेल बॉइज'चं मात्र तसं झालं नाही. त्याच्याकडे मी शेवटी येते, कारण तुमच्या निकषाच्या प्रश्नाचं उत्तर मला तो सिनेमा पाहताना सापडलं.

आधी 'लापता लेडीज'. तुम्ही लिहिलंत की तुमच्या आईने तो तीनदा पाहिला, आणि तिसऱ्या वेळी शेजारच्या दोघी सुनांना मुद्दाम बोलावून दाखवला. हे वाचल्यावर मी तो पुन्हा लावला. 'हलकाफुलका' हा शब्द मी मागे घेते. गोष्ट साधी असणं आणि हलकी असणं यात मी गल्लत केली. सगळ्या सिनेमाचा पाया एका फोटोवर आहे : दीपक आपल्या हरवलेल्या बायकोला, फूलला, शोधत फिरतो, आणि हातात तिचा लग्नातला फोटो असतो, ज्यात चेहऱ्यावर लांब घुंघट. आपण हसतो. पण थोडं थांबून बघितलं की कळतं, ही पोरगी ट्रेनमध्ये हरवायच्या कितीतरी आधी हरवलेली आहे. तिला स्वतःलाही सासरच्या गावाचं नाव नीट सांगता येत नाही. किरण रावने हे भाषण न देता दाखवलं. स्टेशनवर चहाची टपरी चालवणारी मंजूमाई फूलला तिच्या हातच्या कलाकंदाचे पैसे देते, तो प्रसंग मी या वेळी दोनदा मागे नेऊन पाहिला. स्वतःच्या कामाचा पहिला पैसा हातात आल्यावर नितांशी गोयल ज्या नजरेने त्याच्याकडे बघते, ती नजर कुठल्याही महोत्सवात मान ताठ ठेवून उभी राहील.

आता गंमतीची नाही, महत्त्वाची गोष्ट. ती मंजूमाई म्हणजे छाया कदम. आणि 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'मधली पार्वती म्हणजेही छाया कदम. एकाच वर्षात एकाच बाईने दोन्ही सिनेमे उचलून धरले. 'फँड्री'त जब्याची आई झाली होती तेव्हापासून मी तिचं काम बघते आहे. त्यामुळे तुम्ही मांडलीत तशी लढाई माझ्या मनात नाहीच. हिंदी विरुद्ध मुंबई, साधा प्रेक्षक विरुद्ध महोत्सववाले, असं काही नाही. माझं भांडण एका निर्णयाशी होतं.

तो निर्णय असा. ऑस्करच्या आंतरराष्ट्रीय चित्रपटाच्या गटात एका देशाला एकच सिनेमा पाठवता येतो. आपल्याकडे तो फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया निवडते. सप्टेंबर २०२४ मध्ये २९ सिनेमांमधून 'लापता लेडीज' निवडला गेला. त्याच वर्षी मे महिन्यात पायल कपाडियाच्या सिनेमाला फ्रान्समधल्या कान महोत्सवात ग्रां प्री, म्हणजे तिथलं दुसऱ्या क्रमांकाचं पारितोषिक, मिळालं होतं. कानच्या मुख्य स्पर्धेत भारतीय सिनेमा जाण्याची ती १९९४ नंतरची, म्हणजे ३० वर्षांतली, पहिली वेळ. तरीही तो का नाही, यावर फेडरेशनचे तेव्हाचे अध्यक्ष रवी कोट्टारक्करा यांनी मुलाखतीत सांगितलं की ज्यूरीला तो भारतात घडणारा युरोपियन सिनेमा वाटला. लेखात माझा आवाज चढला तो या वाक्यामुळे. डिसेंबरमध्ये त्या गटातून पुढच्या फेरीसाठी निवडलेल्या १५ सिनेमांची यादी आली आणि 'लापता लेडीज' त्यात नव्हता. ब्रिटनने पाठवलेला संध्या सुरीचा 'संतोष' होता, तोही हिंदीतला! आणि तो 'संतोष' आपल्या सेन्सॉर बोर्डामुळे इथल्या थिएटरात लागूच शकला नाही. याचं मला आजही वाईट वाटतं, पण त्याचा दोष किरण रावच्या सिनेमावर टाकायला नको होता. तो मी टाकला, तेवढं तुमचं खरं.

आता 'मराठी बाई दिसली म्हणून' याबद्दल. हो, दिसली म्हणून. पण नुसती भाषा ऐकून पाघळायला झालं असं नाही. नक्की काय दिसलं ते सांगते.

पार्वती मुंबईतल्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात काम करते. ती रत्नागिरीकडची. नवरा गेलेला. ज्या खोलीत ती वर्षानुवर्षं राहिली ती जागा बिल्डरला हवी आहे, आणि खोली आपली आहे हे सिद्ध करणारा एकही कागद तिच्याकडे नाही. नर्स प्रभा तिला घेऊन वकिलाकडे जाते. वकील कागद विचारतो, कागद नाहीत, संपलं. कागद नसेल तर माणूस इथे कधी होतं की नव्हतं, असा तो प्रश्न आहे. शेवटी पार्वती सामान बांधून गावी जाते.

माझी आजी लालबागला चाळीत राहायची. आजोबा गिरणीत. १९८२चा संप सुरू झाला तेव्हा माझी आई दहावीला होती, आणि संप कधी संपला असं आमच्या घरात कुणी कधी म्हटलं नाही, कारण तो संपलाच नाही. आजीच्या पलंगाखाली एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात वर साड्या, आणि तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत सुतळीने बांधलेली भाडेपावत्यांची चळत. डांबरगोळ्यांचा वास लागलेली. आजीला वाचता येत नव्हतं. पण पावतीचा रंग आणि शाईचा शिक्का बघून ती वर्ष सांगायची. दर दिवाळीच्या आधी ती चळत बाहेर काढून उन्हात ठेवायची, वर पोळपाट ठेवून, वाऱ्याने उडू नये म्हणून. आम्ही मुलं खेळता खेळता तिथे गेलो तर ओरडायची. देवाच्या फोटोला हात लावलेला तिला चालायचा, पावत्यांना नाही.

चाळ पुनर्विकासात गेली तेव्हा त्या पावत्यांनी आम्हाला घर मिळवून दिलं. त्याच मजल्यावर तिसऱ्या खोलीत एक मावशी होत्या. त्यांच्या खोलीची पावती नवऱ्याच्या भावाच्या नावाने फाटत होती, कुणीतरी कधीतरी सोयीसाठी तसं केलेलं. नवरा गेला, दीर आला, सही करून पैसे घेऊन गेला. मावशी तीस वर्षं त्या खोलीत राहिल्या, आमच्या सगळ्यांच्या बारशाला त्यांनी पाळणे म्हटले, आणि एक दिवस दोन पिशव्या घेऊन त्या कोकणात गेल्या. कुठल्या गावाला ते आजीलाही नीट माहीत नव्हतं. पुन्हा कधी पत्र नाही, फोन नाही. मी थिएटरात पार्वतीला सामान बांधताना बघत होते, आणि मला त्या मावशींच्या पिशवीतून डोकावणारा स्टोव्हचा पंप दिसत होता.

मग सांगा, हा युरोपियन सिनेमा कसा? पार्वती आणि प्रभा रात्री बिल्डरच्या होर्डिंगवर दगड मारतात, तेव्हा थिएटरात माझ्या मागच्या रांगेत बसलेल्या एक आजी मोठ्याने 'हाण' म्हणाल्या. आम्ही सगळे मिळून अकरा-बाराच जण होतो त्या शोला. तो आवाज अजून कानात आहे.

आणि फक्त पार्वतीच नाही. प्रभाचा नवरा जर्मनीला गेलेला, फोन बंद झालेला. एक दिवस घरी राईस कुकर येतो. पाठवणाऱ्याचं नाव नाही, चिठ्ठी नाही, एवढंच कळतं की जर्मनीहून आलाय. रात्री प्रभा जमिनीवर बसून त्या कुकरला कवेत घेते. प्रभा झालेली कनी कुसृती त्या वेळी रडत नाही. नवरा बेपत्ता नाही, मेलेलाही नाही, फक्त नाही. अशा बायका आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत आहेत. गल्फला गेलेल्यांच्या, बोटीवर गेलेल्यांच्या. कोकणात तर मुंबईला गेलेल्यांच्याही.

आता 'एमिलिया पेरेझ'. तीन ओळींत उरकायला नको होतं, हे कबूल. अकादमीच्या सभासदांना कळत नाही असं मी म्हणत नाही. पण १३ नामांकनं हा पाहिल्याचा पुरावा नाही. अकादमीला एप्रिल २०२५ मध्ये नियम करावा लागला की एखाद्या गटात अंतिम मत द्यायचं असेल तर त्या गटातले सगळे नामांकित सिनेमे पाहिलेले असले पाहिजेत. म्हणजे तोवर न पाहता मत देता येत होतं. जी चूक माझ्या हातून झाली ती तिथेही होत होती. तुम्ही मला लावलात तोच नियम त्यांनाही लागू झाला, याचा मला आनंद आहे.

सिनेमाबद्दल माझं मत मात्र तेच आहे, फक्त आता नीट कारण देते. मेक्सिकोत बेपत्ता म्हणून नोंदलेल्या माणसांची संख्या १ लाखाच्या वर आहे. आया हातात फावडी घेऊन माळरानावर मुलांची हाडं शोधत फिरतात. जाक ओदियारने त्यावर संगीतिका केली, बहुतेक शूटिंग पॅरिसजवळच्या स्टुडिओत. याला माझा विरोध नाही, दुःखावर गाणं होऊ शकतं, आपल्या ओव्या दुसरं काय आहेत? झोई सल्डान्या मेजवानीच्या टेबलांमधून नाचत एकेका देणगीदाराचं पाप गाते, तो प्रसंग जबरदस्त आहे आणि तिचं ऑस्कर मला पूर्ण मान्य आहे. पण ज्यांची माणसं नाहीशी झाली ते लोक सिनेमात किती वेळ आहेत? अंधारात एकेक चेहरा उजळतो, एखादी ओळ गातो आणि जातो. मग पुन्हा आपण एकेकाळी ड्रग टोळी चालवणाऱ्या एमिलियाच्या पश्चात्तापाकडे येतो, जिने स्वतःच त्यातल्या कित्येकांना नाहीसं केलं होतं. मारणाऱ्याच्या मनाला दोन तास मिळतात आणि शोधणाऱ्या आईला एक ओळ. माझी तक्रार एवढीच आहे, आणि ती १३ नामांकनांनी मिटत नाही.

त्याच्या शेजारी वॉल्टर सालेसचा 'आय अ‍ॅम स्टिल हिअर' ठेवून बघा. विषय तोच, नाहीसा केलेला माणूस. ब्राझीलमध्ये लष्करी राजवट असताना जानेवारी १९७१ मध्ये माजी खासदार रुबेन्स पाइवा यांना रिओतल्या घरातून चौकशीसाठी नेलं आणि ते परत आले नाहीत. मागे बायको युनिस आणि पाच मुलं. सालेस तुरुंग फारसा दाखवतच नाही. तो घर दाखवतो. आधी उघड्या दारांचं, समुद्राच्या वाळूचे पाय घेऊन आत-बाहेर पळणाऱ्या पोरांचं, आणि मग पडदे ओढलेलं. एका मासिकाचा फोटोग्राफर येतो. त्याला उदास चेहऱ्याचं कुटुंब हवं असतं. युनिस मुलांना सांगते, हसा. आणि सगळे हसतात. फर्नांडा टोरेसने त्या हसण्यात जे केलंय त्याला मी अभिनय म्हणायलाही कचरते.

पुढे युनिस वकील झाली. नवऱ्याचा मृत्यूचा दाखला तिला मिळाला १९९६ मध्ये, २५ वर्षांनी. सिनेमात ती तो कागद हातात धरून पत्रकारांसमोर उभी राहते आणि तिच्या चेहऱ्यावर सुटका आहे. नवऱ्याच्या मृत्यूचा कागद मिळाल्याची सुटका! मला आजीची ट्रंक आठवली. पार्वतीला 'मी इथे राहिले' हे सांगणारा कागद मिळत नाही, युनिसला 'तो मेला' हे सांगणारा कागद मिळायला पाव शतक जातं. सिनेमाच्या शेवटी म्हाताऱ्या युनिसची भूमिका फर्नांडा मॉन्टेनेग्रो करते, टोरेसची खरी आई. युनिसला स्मृतिभ्रंश झालाय. टीव्हीवर नवऱ्याचा फोटो येतो आणि तिचे डोळे क्षणभर जागे होतात. एक शब्द नाही. या सिनेमात ना मुंबई आहे ना मराठी, तरी मी थिएटरातून बाहेर येऊन जिन्यावर बसले होते. म्हणून म्हणते, माझं प्रेम भाषेपुरतं नाही.

'द ब्रुटलिस्ट'बद्दलही तुम्ही एक वाक्य लिहिलं आहे, की मध्यंतरासकट साडेतीन तासांचा सिनेमा मी घरी तुकड्यांत पाहिला असणार. नाही, तो थिएटरात एका बैठकीत पाहिला. मध्यंतरानंतर त्याची पकड सुटते हे माझं मत कायम आहे. 'अनोरा' मला आवडतो, शेवटची गाडीतली पाच मिनिटं तर फारच, आणि सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून तो निवडला गेला यावर माझं काही म्हणणं नाही.

आणि आता 'निकेल बॉइज', ज्याला मी न पाहता नववा क्रमांक दिला होता.

फ्लोरिडात मुलांची एक सुधारशाळा होती, डोझिअर स्कूल. २०११ मध्ये ती बंद झाली. त्यानंतर तिथे संशोधकांनी खोदकाम केलं आणि ५५ दफनं सापडली, शाळेच्या कागदांत होती त्याहून कितीतरी जास्त. त्या शाळेवरून सुचलेल्या कोल्सन व्हाइटहेडच्या कादंबरीवर रामेल रॉसने हा सिनेमा केला. कॅमेरा जवळजवळ सगळा वेळ शाळेतल्या दोन मुलांच्या, एल्वूड आणि टर्नरच्या, डोळ्यांच्या जागी आहे. एल्वूडला जे दिसतं तेच आपल्याला दिसतं : आजीचा हात, छताकडून खाली येणारी चंदेरी झिरमिळी, काचेतलं त्याचं स्वतःचं पुसट प्रतिबिंब. पहिली वीस मिनिटं मला त्रास झाला. चेहरा दिसत नाही म्हणून चिडचिड झाली. मग टर्नर भेटतो, आणि पहिल्यांदा एल्वूडचा चेहरा आपण बघतो, तो टर्नरच्या डोळ्यांनी. मित्राने बघितलं म्हणून तो दिसला. तिथे मी सिनेमा थांबवला, पाणी प्यायले आणि पुन्हा लावला.

तुम्ही निकष विचारलात. लेख लिहिताना मला तो सांगता आला नसता, आता येतो. त्या वर्षी योगायोगाने इतक्या सिनेमांच्या पोटात एकच गोष्ट होती : नाहीसं झालेलं माणूस. घुंघटाच्या फोटोतली फूल, कागद नसलेली पार्वती, रुबेन्स, मेक्सिकोतली लाखभर माणसं, खुणा नसलेल्या थडग्यांतली पोरं. त्या माणसाकडे सिनेमा बघतो का, की त्याच्या नाहीसं होण्याचा उपयोग करून दुसऱ्याच कुणाकडे बघतो, हे मी पाहते. 'एमिलिया पेरेझ' मला तिथे कमी पडतो. 'लापता लेडीज' पडत नाही, म्हणून माझा तो शब्द चुकला होता. तांत्रिक अंगं, पटकथेची बांधणी, अभिनय, हे सगळं मी बघतेच, पण त्यानंतर.

दहाची यादी मी आता पुन्हा करणार नाही. विचारलंत तर 'निकेल बॉइज' आणि 'आय अ‍ॅम स्टिल हिअर' या दोघांत पहिला कुठला हे मला ठरवता येत नाही, एवढं सांगते.

तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा. आणि जमलं तर त्यांना 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट' दाखवा, मंजूमाईच यात पार्वती झाली आहे असं सांगून. सुरुवातीचा अर्धा तास संथ वाटेल, मल्याळमही खूप आहे. कदाचित त्या कंटाळतील. तसं झालं तरी लिहा. पण वकिलाकडचा प्रसंग होईपर्यंत त्यांना उठू देऊ नका, आणि तो बघताना त्या काय म्हणाल्या ते मला त्यांच्या शब्दांत कळवा. शेजारच्या दोघी सुना असतील तर त्यांचंही.